नळ्यांचा बाजा

सर कुठल्याही थेटरात शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून उभे राहायचे. शेजारी मी, वही-पेन्सिल घेऊन. थेटर रिकामं, बहुतेक वेळा कायमचं बंद पडलेलं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या दोऱ्या खाली आलेल्या, खुर्च्यांवर पारव्यांची घाण. थोडा वेळ तसाच जायचा आणि मग सर बोट करायचे.

"ती. शेवटून चौथी ओळ, कडेची. आवाज तिथून परत आला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं कुणीतरी बसलंय."

पंखा बंद आहे, असं सांगावं इतक्या साधेपणानं ते हे सांगायचे. मग माझ्या वहीतल्या नकाशावर त्या खुर्चीच्या जागी स्वतःच्या हातानं एक ठिपका द्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. पहिल्या वेळी मी हसलो होतो. दुसऱ्या वेळी त्या खुर्चीकडे पाठ करून बसायला मला नको वाटलं.

आम्ही परभणीत एकाच शाळेत होतो. मी चित्रकलेला, ते गायनाला. दोन्ही विषय असे, की परीक्षा जवळ आली की गणिताचे सर येऊन आमचा तास मागून नेतात. त्यामुळे स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या बाकावर आम्ही दोघं बरेचदा मोकळे असायचो. मी नवा होतो, पंचविशीतला. ते पन्नाशी ओलांडलेले, उंच, हाडकुळे, पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. घरी तीन पिढ्यांचं कीर्तन. पण अंगाला बुक्क्याचा नाही, कापराचा वास यायचा. एक दिवस त्यांनी मला विचारलं,

"तुमाला माणसं काढता येतात का हो?"

"येतात की," मी जरा फुशारकीनंच म्हणालो.

"मग उपयोग नाही. मला मोकळी जागा काढणारा पाहिजे."

आणि पुढच्या रविवारपासून आम्ही एसटीनं हिंडू लागलो. सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड. लोक देवळं करतात तशी सर थेटरं करायचे. निजामाच्या अमदानीत किंवा ती संपता संपता बांधलेली थेटरं. पुढं दगडी कमान, वर नक्षी, मागं नुसती पत्र्याची शेड. मी आराखडा काढायचा, खुर्च्यांच्या ओळी मोजून मांडायच्या, पडद्याची उंची लिहायची. सरांनी टाळी वाजवायची. कुठं नाटक कंपन्यांच्या वेळची पायपेटी अडगळीत सापडली की सर गुडघ्यावर बसून तिची धूळ उपरण्यानं पुसायचे, आत कापराच्या वड्या ठेवायचे आणि मालकाला सांगायचे, "विकू नका. निदान मला सांगितल्याशिवाय विकू नका." मालक बहुतेक वेळा हसायचे. एकानं ती पायपेटी त्यांच्या डोळ्यांदेखत चहाच्या टपरीला फळी म्हणून दिली, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा मला पोहे देता देता सांगितलं, "पोखर्णीला नरसिंहाला नेलं होतं यांनी मला. मी गाभाऱ्यात, अन् हे सभामंडपात टाळी वाजवून उभे. पुजारी म्हणला, आरती झाली की हो, आता कशाची टाळी? हे म्हणाले, देवाची आरती झाली, बाकीच्यांचं काय?"

आणखी एक खोड होती, ती मात्र विनोदाची नव्हती. सर बाहेरून कुलूप लावत नसत. घराला नाही, शाळेतल्या गायनाच्या खोलीला नाही. गावाला जातानाही दार नुसतं ओढून घ्यायचे आणि सुतळीची गाठ मारायचे. एकदा शिपायानं सामानाच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत कुणी नव्हतं. तरी सर धावत गेले, कडी काढली, दार सताड उघडलं आणि खोलीत डोकावून दोनदा विचारलं, "कोण आहे? कोण आहे आत?" शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. सरांचा हात मात्र दाराच्या चौकटीवर बराच वेळ तसाच होता.

या सगळ्या हिंडण्याचं मूळ जिंतूरला होतं.

जिंतूरच्या बाजारामागं एक बंद थेटर होतं. एका जिनिंगवाल्यानं मूकपटांच्या काळात ते बांधलं आणि सिकंदराबादच्या छावणीतल्या एका चर्चमधून मोडीत निघालेला पाइप ऑर्गन बैलगाड्यांवर घालून आणला. गावातले लोक त्याला 'नळ्यांचा बाजा' म्हणत. पडद्याच्या डाव्या हाताला लाकडी कपाटाएवढा तो उभा होता. पुढं पट्ट्या, वर बोटाएवढ्यापासून माणसापेक्षा उंच अशा नळ्या. काही जस्ताच्या, काही लाकडी, चौकोनी. त्याला वारं पुरवणारा भाता मात्र भिंतीपलीकडं, एका बिनखिडकीच्या खोलीत. तिथून माणूस सरपटत जाईल एवढ्या लाकडी बोगद्यातून वारं बाजात यायचं. वाजवणारा इकडं, भाता मारणारा तिकडं, मधे भिंत. एक दोरी भिंतीतून गेलेली. ती एकदा ओढली की भाता सुरू, दोनदा ओढली की बंद.

सर तरुणपणी, शाळेत लागण्याआधी आणि नंतरही सुट्यांमधून, या बाजावर वाजवायचे. खेळाच्या आधी, मध्यंतरात, नाटक कंपनी आली तर रोज. बोलपट येऊन जमाना झाला होता, पण मालकाला हौस होती. पुढं मालक गेला, थेटर बंद पडलं, वारसांनी किल्ल्या सरांकडं ठेवल्या. आता सर महिन्यातून एक रविवार तिथं यायचे. पिशवीत सरस, मेंढीचं कमावलेलं कातडं, कानस, कापूर. फाटलेला भाता त्यांनी एकट्यानं तीन वर्षं शिवला. मोडलेला बोगदा परत जोडला. चिरलेल्या नळ्यांना पट्ट्या चिकटवल्या. मी बरोबर जायला लागलो तेव्हा बाजा पुन्हा वाजत होता.

पुढच्या कमानीखाली सत्तारमामू राहायचा, जुना ऑपरेटर. यंत्र गंजलं, मामू तिथंच राहिला. तो आम्हाला चहा पाजायचा, पण आत यायचा नाही. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "दुपारकू मत जाओ गुरुजी. सुबू जाओ, शामकू जाओ. दुपारकू उनो भाता मारता."

"कोण?"

"मास्टरकू पूछो. अपन तो बाद में लौटे." आणि रांजणावरचं झाकण नीट करत बसला.

मी सरांना विचारलं नाही. मास्तरकी करणारा माणूस; असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो असं कुणाला वाटू नये, ही माझी काळजी.

मे महिना होता. बाहेर ऊन असं, की बाजारातली कुत्रीसुद्धा गटारात जाऊन पडलेली. सरांना नवं कातडं पारखायचं होतं. मी भात्याच्या खोलीत गेलो. आत अंधार, जुन्या चामड्याचा आणि कापराचा वास. दोरी एकदा ओढली गेली. मी दांडा वर-खाली करू लागलो. भिंतीपलीकडं सूर उठला. आधी एक, मग त्याला जोडून दुसरा, मग सगळं थेटर भरून जाईल असं काहीतरी संथ. थेटरात बसून ऐकताना तो बाजा गोड वाटायचा. भात्याच्या खोलीत मात्र सूर ऐकू येत नाही, अंगात शिरतो. भिंत थरथरते, तळपाय थरथरतात, दात थरथरतात.

बराच वेळ मी दांडा मारला. तळहाताला फोड आले, घसा कोरडा पडला. भात्यात वारं भरलेलं होतं, थोडा वेळ निघेल असं वाटलं. मी दांडा सोडला आणि बाजूच्या दारानं बाहेर, मामूच्या रांजणापाशी गेलो. एक पेला प्यालो. दुसरा प्यालो. तोंडावर पाणी मारलं. मामू माझ्याकडं बघत होता. त्याच्या हातातली बिडी विझली होती.

"तुम इधर," तो म्हणाला, "तो उधर कोन?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत बाजा चालूच होता. सूर जरासुद्धा खाली आला नव्हता. उलट मी मारत होतो त्यापेक्षा एकसारखा, भरलेला, कुठं हिसका नाही.

मी पळत आत गेलो. खोलीचं दार लोटलं आणि त्याच क्षणी सूर थांबला. भात्याचा दांडा हलत होता का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. कुणी नुकताच सोडून दिलेल्या वस्तूसारखा तो बारीक कापत होता, एवढं मी पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

सर पट्ट्यांपाशी बसलेले होते. चेहरा घामानं भिजलेला आणि हसरा. "आज वारं लय छान लागलं हो. अगदी त्याच्यासारखं."

"सर, मी बाहेर होतो," मी म्हणालो. "मी पाणी प्यायला गेलो होतो."

त्यांचं हसू गेलं नाही, नुसतं तिथंच राहिलं, विसरल्यासारखं. मग ते उठून पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसले आणि मला त्या दुपारी त्यांनी सांगितलं.

भाता मारणाऱ्याचं नाव लिंबाजी. जिंतूरजवळच्याच एका खेड्यातला, महारवाड्यातला. सरांनी अठरा वर्षं बाजा वाजवला आणि अठरा वर्षं भिंतीपलीकडं लिंबाजी होता. लोक टाळ्या वाजवायचे ते सरांना. लिंबाजी मागच्या दारानं यायचा, मागच्या दारानं जायचा. पुढं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आगी लागल्या, त्या अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवसांत एका रविवारी सर बाजापाशी असताना बाजूचं दार वाजलं. लिंबाजी उभा. डोक्यावर राख. त्याची वस्ती जळाली होती. बायको-लेकरांना त्यानं रानातून पाहुण्यांकडं लावून दिलं होतं. तो स्वतः गावात पुढारपण करत होता म्हणून त्याला शोधत होते.

"मी त्याला भात्याच्या खोलीत ठेवलं," सर म्हणाले. "पाण्याची घागर दिली, भाकरी दिल्या. बाहेरून कुलूप घातलं. कुणी बघितलं तरी वाटावं, आत कोण असणार. म्हणालो, उद्या येतो. परभणीला आलो अन् गाड्या बंद झाल्या. चार दिवस. थेटरात खेळ बंद, मामू तेव्हा हैदराबादला लेकीकडं. पाचव्या दिवशी येऊन कुलूप काढलं, तर आत नाही. बोगद्याची फळी लाथांनी फोडलेली. बोगद्यातून बाजात शिरला, नळ्या मोडत बाहेर पडला. अन् बाहेर तर तेच सगळं चालू होतं, ज्याच्यापासून तो लपला होता. गावी गेलो, नुसत्या भिंती उभ्या. कुणी बोललं नाही माझ्याशी. तेव्हापासून नाही तो."

परभणीला परतल्यावर मी माझी वही काढली. सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड. ठिपके बघितले. प्रत्येक थेटरातली खुर्ची वेगळी, ओळ वेगळी. पण प्रत्येक वेळी ती बाजूच्या दाराला सगळ्यात जवळची होती.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग पूर्णेला चित्रकलेच्या परीक्षेचं केंद्र होतं, तिथं माझी नेमणूक झाली. स्मरणचित्राच्या पेपराला 'वाद्य वाजवणारे कलाकार' असा विषय आला. मुलांनी ढोल काढले, सनई काढली, बँडवाले काढले. खिडकीजवळच्या बाकावर एका मुलीच्या कागदापाशी मी थांबलो. तिनं नळ्या काढल्या होत्या. लहानापासून मोठ्यापर्यंत, काही गोल, काही चौकोनी. शेजारी काळी खोली, तिच्यात वाकून दांडा ओढणारा माणूस. दोघांच्या मधे जाड भिंत.

पेपर संपल्यावर मी तिला विचारलं, "हे काय काढलंस?"

"बाजा. आजा सांगतो."

"हा माणूस कोण?"

"आजाच. वारं भरायलाय."

"आणि वाजवणारा?"

"तो आज्याला दिसत नव्हता," ती म्हणाली.

आजा फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. रेल्वेची जुनी खाकी पँट, पांढऱ्या मिशा, दंड अजून दोरखंडासारखे. मी म्हणालो, "जिंतूरच्या थेटरात तुम्ही होतात?"

त्यांनी नातीचा हात धरला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तर हाय अजून?"

"आहेत."

"अन् बाजा?"

"आहे. सरांनी नीट केलाय. तुम्ही… त्यांना वाटतं तुम्ही गेलात."

"वाटू द्या," लिंबाजी म्हणाले. चार पावलं पुढं गेले आणि वळून आले. "पोरगं हितं रेल्वेच्या गँगमध्ये लागलं व्हतं, त्याच्याकडं आलो. निरोप धाडावा वाटला न्हाई. येईन म्हणावं एकदा. दिवसाचं येईन."

मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते पांढरे पडले. "जिवंत आहे?" एवढंच म्हणाले, आणि बऱ्याच वेळानं, "मग मी इतकी वर्षं कुणाला…" माझाही एक प्रश्न होता. लिंबाजी पूर्णेला जिवंत होते, तर त्या मे महिन्यात भाता कोण मारत होतं? त्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

थेटर तोवर विकलं गेलं होतं. तिथं दुकानं होणार होती. बाजा हलवायला सरांना महिन्याभराची मुदत होती. लिंबाजी आले त्या रविवारी सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पिशवीत शाल आणि नारळ आणला होता. मामू कमानीपाशी उभा. दुपारचे बारा वाजून गेलेले.

"या, लिंबाजीराव," सर म्हणाले.

"लिंब्या म्हणायचे तुमी." शालीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ भात्याच्या खोलीकडं गेले, दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवला. "कडी हाय हितं. आतून."

"आहे," सर म्हणाले.

"तवाबी व्हती. मी आतून लावून घेतली असती. कवा उघडायची ते माझं मी बघितलं असतं. बाहेरून कुलूप कशाला घातलं, मास्तर?"

"कुणाला शंका येऊ नये म्हणून…"

"खरं सांगा. त्याच्यासाठीच आलो मी पूर्णेहून."

पत्र्यावर एक पारवा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मग सर म्हणाले, "भीती वाटली. तुमी बाहेर याल, कुणी बघंल, अन् तुमाला कुणी ठेवून घेतलं ते कळंल. म्हणून."

"म्हंजी भेव माझ्या जिवाचं न्हवतं."

"नाही. माझ्या." आणि मग न विचारता त्यांनी पुढचं सांगितलं, जे मलाही सांगितलेलं नव्हतं. "गाड्या तिसऱ्या दिवशी सुरू झाल्या होत्या. मी स्टँडपर्यंत येऊन परत गेलो. दोन दिवस."

लिंबाजींनी मान हलवली. हिशेब जुळावा तशी नाही. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊकच होती, तशी. "पाणी तिसऱ्या दिवशी सरलं," ते म्हणाले. "बोगद्यातून निघताना मला वाटलं, हितंच अडकून मरतो. आवाज यायलाय, नळ्यांतून वारा वाजायलाय. माझाच श्वास व्हता त्यो."

सरांनी कसंबसं म्हटलं, "बाजा हलवायच्या आत एकदा ऐकून जा. मी वाजवतो. भाता हे गुरुजी मारतील."

"न्हाई. तुमी मारा. मी बसतो पट्ट्यांवर."

सर खोलीत गेले. लिंबाजी बाजापुढच्या बाकावर बसले आणि आधी नुसतं बघत राहिले. अठरा वर्षांत ती बाजू त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मग भिंतीतली दोरी एकदा ओढली. पलीकडं भाता कुरकुरला.

त्यांना वाजवता येत नव्हतं. एकेक पट्टी दाबून ते ऐकायचे आणि मान डोलवायचे. "हिला लय लागत न्हाई वारं… ही जरा खाते…" असं स्वतःशीच. भिंतीपलीकडून प्रत्येक सुराचं वजन त्यांना पाठ होतं, फक्त कुठला सूर कुठल्या पट्टीत राहतो ते ठाऊक नव्हतं. अशी करत करत ते डाव्या टोकाला आले आणि शेवटची पट्टी दाबली.

सगळ्यात मोठ्या लाकडी नळीचा सूर. तो आधी ऐकूच आला नाही. खुर्च्यांचे खिळे किणकिणले, पत्र्यावरचे पारवे एकदम उडाले, आणि मग पोटात कळलं, की हा आवाज आहे. लिंबाजींनी बोट उचललं नाही. त्या सुराला भाता भरभर रिकामा होतो. पलीकडं दांड्याचा ठोका वाढला, आणखी वाढला. सरांचं वय साठीला आलेलं. मला त्यांची धाप ऐकू येत होती, का तसा भास होत होता, कोण जाणे. मी पुढं झालो.

"लिंबाजीराव, पुरे आता. ते दमलेत."

"दोरी माझ्याकडं हाय," लिंबाजी म्हणाले. रागानं नाही. डोळे त्या नळीवर लावून ते बसले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सूर एकदाही मोडला नाही. मग त्यांनी बोट उचललं, दोरी दोनदा ओढली आणि मामूला हाक मारली, "चाचा, मास्तरला पानी दे. आधी पानी दे."

सर भिंतीला धरून बाहेर आले. इस्त्रीचा सदरा अंगाला चिकटलेला, तळहात फुटलेले. मामूनं दिलेला पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला. लिंबाजी म्हणाले, "ती मोठी नळी मला द्या."

मी सरांकडं पाहिलं. तीन वर्षं भाता, त्याच्यानंतर कितीतरी वर्षं नळ्या. सगळा बाजा जसाच्या तसा शाळेत उभा करायचा, एक खिळा कमी होऊ द्यायचा नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. ती नळी गेली म्हणजे बाजा कायमचा अपुरा.

"काय करणार तिचं?" त्यांनी विचारलं.

"घरात उभी करीन. नात इचारती, आजा, तू किती वारं भरलंस? दाखवीन तिला."

सरांनी पिशवीतून हत्यार काढलं आणि स्वतःच्या हातानं नळीचे खिळे काढले. मला हात लावू दिला नाही.

बाकीचा बाजा आम्ही टेम्पोनं परभणीला आणला. शाळेच्या सभागृहात तो उभा राहिला. थेटर पडलं, मामू लेकीकडं गेला. सरांनी त्यानंतर थेटरं हिंडणं बंद केलं. माझी वही मागून घेतली आणि परत दिली नाही. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी ते गेले. निवृत्तीनंतरही शेवटपर्यंत गायनाच्या तासाला ते मुलांना पाळीपाळीनं भाता मारायला लावायचे आणि मधे भिंत नसल्यामुळं वाजवणारा आणि वारं भरणारा एकमेकांना दिसायचे.

पण मला सर आठवतात ते त्याच दुपारी, जिंतूरच्या बाजारात. नळी माणसापेक्षा उंच, चौकोनी, जुन्या लाकडाची. एकट्यानं उचलेना, म्हणून लिंबाजींनी पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि सरांनी मागचं. मी छत्री घेऊन बाजूला. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे, दोघांच्या माना खाली, पावलाला पाऊल जुळलेलं. स्टँडकडं निघालो तर बाजार गप्प होत गेला. भाजीवालीनं पाटी ओढून वाट दिली. सायकलवरून चाललेला एक माणूस खाली उतरला. हॉटेलातल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली. मला लोकांना सांगावंसं वाटलं, की तसं काही नाही, पण मी नुसती छत्री सावरली. ते दोघं चालत राहिले.

मारुतीच्या पाराजवळ एका बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं वो?"

सर थबकले. त्यांच्याबरोबर नळीही थबकली. लिंबाजींनी मागं वळून पाहिलं नाही, नुसता खांदा बदलला.

"कुणी न्हाई, माय," ते म्हणाले. "चला मास्तर. गाडी सुटंल."